जहाजाचा ठावठिकाणा : कलकत्ता, एम्डेन आणि मुरगावची रात्र

कलकत्ता हे बंदर असले तरी समुद्रकाठचे शहर नव्हे. हुगळी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, त्या उथळ टापूला खलाशी सँडहेड्स म्हणतात. तिथून खिदिरपूरच्या गोदीपर्यंत यायचे तर दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. वाटेत वाळूचे दांडे जागा बदलत राहतात, भरतीची वेळ सांभाळावी लागते आणि नदीचा पायलट जहाजावर चढल्याशिवाय कोणताही कप्तान आत शिरायचे धाडस करत नाही. त्यामुळे जहाज मुखाशी आले तरी शहराला त्याचा पत्ता लागायला दिवस जात. ताग, नीळ, चहा, अफू यांचे भाव जहाजांच्या येण्याजाण्यावर हलत असल्याने ही बातमी जो आधी मिळवी, त्याची चांदी होई. खेजुरीहून कलकत्त्यापर्यंत खुणांचे मनोरे उभारले गेले ते याच कारणाने.

विल्यम ओ’शॉनेसी या मेडिकल कॉलेजातील डॉक्टरने १८३९ मध्ये शिबपूरच्या वनस्पती उद्यानात कित्येक मैल तार गुंडाळून विजेने संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. सरकारने त्यांच्याकडे लक्ष द्यायला दहा वर्षे घेतली. लॉर्ड डलहौसीच्या काळात कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार उभी राहिली आणि १८५१ च्या अखेरीस ती वापरात आली. तिचे पहिले काम जहाजांच्या बातम्या वाहण्याचे होते. राज्यकारभाराचे निरोप नंतर आले. डायमंड हार्बरच्या टोकाहून पहिला संदेश धाडणारे ओ’शॉनेसींचे सहायक शिवचंद्र नंदी यांचे नाव बंगालबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

तार आली तशी चोरून वाचण्याची भीतीही आली. निरोप ज्याच्या हातून जातो तो तारबाबू तो वाचतोच. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने निरोप फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा ठेवली आणि त्याच कायद्याने सरकारला मात्र आणीबाणीत निरोप अडवण्याचा व उघडण्याचा अधिकार दिला. खासगीपणा आणि सरकारी पाळत यांचा हा जोडसंसार तेव्हाच सुरू झाला. तरीही तारेचा एक गुण होता. निरोप चोरायचा तर चोराला तारेपाशी किंवा तारबाबूपाशी पोहोचावे लागे.

हा आडोसा बिनतारी लहरींनी काढून घेतला. प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली, तेव्हा लोक चकित झाले ते लहरी भिंतीपलीकडे जातात याने. युद्धनौकांना पुढे याच गुणाचा धसका बसला. भिंतीपलीकडे जाणारी लहर मित्र आणि शत्रू यांत फरक करत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या जहाजांवर वायरलेसच्या डोलकाठ्या उभ्या राहिल्या, आणि बोलणारे जहाज आपण कुठे आहोत हे सांगूनच बोलते, ही अडचण लवकरच उघडी पडली. मजकूर सांकेतिक असला तरी आवाज जोरात आला तर जहाज जवळ, क्षीण झाला तर दूर, एवढे कळायला संकेताची किल्ली लागत नाही.

हा धडा कलकत्त्याला सप्टेंबर १९१४ मध्ये मिळाला.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा एम्डेन ही हलकी जर्मन क्रूझर चीनच्या किनाऱ्यावरील त्सिंगताव या जर्मन तळाच्या आरमारात होती. तिचा कप्तान कार्ल फॉन म्युलर याने हिंदी महासागरात एकटे शिरून व्यापारी जहाजे पकडण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. सोबत मार्कोमानिया नावाचे कोळशाचे जहाज. एम्डेनला तीन धुराडी होती. तिच्यावर लाकूड आणि कापडाचे चौथे खोटे धुराडे उभारले गेले, म्हणजे दुरून ती ब्रिटिश क्रूझर वाटावी. एवढ्या सोंगानंतर म्युलरने आपला वायरलेस जवळजवळ मुका ठेवला आणि कान मात्र उघडे. सुमात्राजवळून येताना त्याच्या तारयंत्र्यांना एका ब्रिटिश युद्धनौकेचे संदेश ऐकू येत राहिले. शब्द कळत नव्हते. पण संदेश किती जोरात येतात यावरून ती किती जवळ आहे याचा अंदाज बांधत एम्डेन तिच्या हातून निसटली. ती नौका हॅम्पशायर होती आणि ती एम्डेनच्याच शोधात होती.

कलकत्त्याचे बंदर तेव्हा निर्धास्त होते. सैन्य, घोडे, कोळसा घेऊन जहाजे मुंबईकडे निघत होती आणि निघण्याच्या वेळा छापूनही येत होत्या. जहाज पकडले की त्यावरची वर्तमानपत्रे एम्डेनच्या अधिकाऱ्यांच्या हाती पडत आणि पुढची शिकार कुठे सापडेल हे त्यांतून समजे. १० सप्टेंबरच्या सुमारास कलकत्त्याहून कोळसा घेऊन निघालेले पोन्तोपोरोस हे ग्रीक जहाज सापडले. मग सैन्य नेण्यासाठी सजवलेले इंडस, त्यानंतर लोव्हॅट. पाठोपाठ कबिंगा, कोळशाचे किलिन आणि हजारो टन चहा भरलेले डिप्लोमॅट. पाच दिवसांत हुगळीच्या वाटेवर जहाजामागून जहाज बुडाले आणि शहराला पत्ता नव्हता. बुडणाऱ्या जहाजांवरील माणसांना म्युलरने इजा होऊ दिली नाही. कबिंगाच्या कप्तानाची बायको व मूल जहाजावर होते, म्हणून ते जहाज न बुडवता त्यात सगळे कैदी बसवून पुढे सोडून दिले. शत्रूच्या वर्तमानपत्रांनीही त्याला सभ्य माणूस म्हटले ते अशा वागण्यामुळे.

बातमी फुटली ती एका तटस्थ जहाजामुळे. लोरेदानो हे इटालियन जहाज १३ सप्टेंबरला एम्डेनच्या वाटेत आले. इटली तेव्हा युद्धात नव्हता. म्युलरने त्याला कैदी घेऊन जायची विनंती केली, कप्तानाने नकार दिला आणि म्युलरला त्याला सोडून द्यावे लागले. लोरेदानोने वाटेत भेटलेल्या सिटी ऑफ रंगून या जहाजाला सावध केले आणि १४ तारखेपर्यंत कलकत्त्यात कळले की बाहेर जर्मन क्रूझर फिरते आहे. बंदर बंद झाले. उपसागरातील वाहतूक थांबली, विम्याचे दर चढले, माल धक्क्यावर पडून राहिला. बंदराने घाईघाईने आपल्या जहाजांना वायरलेसवर इशारा दिला, आणि तो इशारा एम्डेनच्या वायरलेस-कक्षातही स्पष्ट ऐकू आला. आपले काम आता उघड झाले हे म्युलरला शत्रूनेच सांगितले. तो तिथून हलला. २२ सप्टेंबरच्या रात्री त्याने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या.

पुढच्या दोन महिन्यांतल्या दोन प्रसंगांतून संदेश असण्याचे आणि नसण्याचे मोल कळते. ऑक्टोबरमध्ये एम्डेन दिएगो गार्सिया बेटावर कोळसा भरायला थांबली. तिथे तार नव्हती, वायरलेस नव्हता. युद्ध सुरू झाल्याचे बेटावर कोणालाच माहीत नव्हते. बेटकऱ्यांनी जर्मन पाहुण्यांचे स्वागतच केले. दुसरा प्रसंग ९ नोव्हेंबरचा, कोकोस बेटांवरचा. तिथले तारकेंद्र नष्ट करायला म्युलरने माणसे उतरवली. पण त्याआधी त्याने आपल्या कोळशाच्या जहाजाला वायरलेसवर हाक मारली होती. अनोळखी संकेतातली ती हाक केंद्राने ऐकली, एक परके जहाज खाडीच्या तोंडाशी असल्याचा इशारा हवेत सोडला, आणि एम्डेनने गोंगाट करून तो दाबायचा प्रयत्न केला तरी तो पोहोचला. जवळूनच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा मोठा ताफा चालला होता. ताफ्याने वायरलेस बंद ठेवला असल्याने एम्डेनला त्याचा गंधही नव्हता. ताफ्यातली सिडनी ही क्रूझर काही तासांत येऊन ठेपली आणि एम्डेन खडकावर चढली. एम्डेनवरची १३० हून अधिक माणसे मेली. ज्या मौनावर एम्डेन जगली, त्याच मौनाने तिला गाठले.

दोन महायुद्धांमधल्या काळात वायरलेस व्यापारी जहाजांवरही सर्रास आला. भारतात १९३३ चा वायरलेस कायदा आला आणि परवान्याशिवाय यंत्र बाळगणे गुन्हा ठरले. नौदलांनी सांकेतिक भाषा गुंतागुंतीच्या केल्या. पण व्यापारी जहाजाला युद्धनौकेसारखे गुप्त पेटारे आणि प्रशिक्षित लिपिक देता येत नाहीत. त्याला सोपे कोडपुस्तक द्यावे लागते, आणि असे पुस्तक हजारो जहाजांवर असते. एक जहाज हाती लागले की सगळ्यांचे पुस्तक हाती लागले.

तसेच घडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी काही मालवाहू जहाजे तोफा लपवून समुद्रात सोडली. त्यांतले अटलांटिस हे ब्रेमेनच्या हन्सा कंपनीचे मूळचे गोल्डेनफेल्स, आणि पिंग्विन हे मूळचे कांडेलफेल्स. हन्सा कंपनीचा मुख्य व्यापारच हिंदुस्थानशी होता. तिची फेल्स नावाची जहाजे मुंबई-कलकत्त्याच्या गोद्यांत नेहमीची. अटलांटिसने जुलै १९४० मध्ये सिटी ऑफ बगदाद हे ब्रिटिश जहाज पकडले तेव्हा मित्रराष्ट्रांच्या व्यापारी जहाजांचे कोडपुस्तक तिला मिळाले. नोव्हेंबरमध्ये ऑटोमेडन पकडले तेव्हा संकेत उलगडण्याचे आणखी तक्ते मिळाले. ब्रिटिश नौदलाने व्यापारी जहाजांना हल्ल्याच्या वेळी ठराविक अक्षरे तीनदा पाठवण्याची शिस्त घालून दिली होती. युद्धनौका दिसली तर एक अक्षर, पाणबुडी असेल तर दुसरे, वेषांतर केलेले जहाज असेल तर तिसरे. त्या इशाऱ्यांनी काही जहाजे वाचली. पण हे इशारेही उघड्या हवेतच जात होते, आणि ते निघण्याआधीच समोरच्या जहाजाचा वायरलेस तोफेने उडवायचा, हे वेषधारी जहाजांचे पहिले काम असे.

त्याच हन्सा कंपनीची तीन जहाजे, एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच गोव्याच्या मुरगाव बंदरात आश्रयाला आली. इटली युद्धात पडल्यावर आन्फोरा हे इटालियन जहाजही तिथे अडकले. पोर्तुगाल तटस्थ होता. हेग कराराप्रमाणे तटस्थ बंदरातून युद्धमान देशाने वायरलेसने आपल्या सैन्याशी बोलणे मना होते. तीन वर्षे ही जहाजे मुरगावच्या खाडीत नांगरून पडली होती. खलाशी वास्कोच्या बाजारात येत-जात. त्या काळी गोवा म्हणजे हेरांचे माहेरघर. ब्रिटिश हिंदुस्थानातून कॅसल रॉकमार्गे रेल्वेने कोणीही येई आणि बाजारात बसून मुंबईच्या गोदीची खबर देऊ शकत असे.

१९४२ च्या अखेरीस हिंदी महासागरात आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केली. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमाराने बंगालच्या उपसागरात वीसहून अधिक व्यापारी जहाजे बुडवली होती, डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले होते. बंदर धास्तावलेले. ब्रिटिशांच्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त संघटनेच्या हिंदुस्थान शाखेचा असा ग्रह झाला की जहाजांच्या वेळा गोव्यात पोहोचतात आणि एरेनफेल्सवर लपवलेल्या यंत्रावरून त्या पाणबुड्यांना कळवल्या जातात. या शाखेतले लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू यांनी गव्हिन स्टुअर्ट या सहकाऱ्यासह आधी पणजीत राहणाऱ्या रॉबर्ट कोख या जर्मन हेरालाच पळवून नेले. त्यानेही संशय मिटला नाही, तेव्हा जहाजावरच हात घालायचे ठरले.

नौदल पाठवणे शक्य नव्हते. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर तळ मिळवण्याची ब्रिटनची खटपट चालू होती. पोर्तुगीज बंदरात ब्रिटिश सैनिक पकडला गेला असता तर ती खटपट संपली असती. म्हणून सैनिक नसलेली, पण बंदूक चालवता येणारी माणसे हवी होती. ती प्यूना कलकत्ता लाइट हॉर्समध्ये सापडली. १८७२ मधली ही स्वयंसेवक घोडदळाची तुकडी तोवर क्लबच होऊन बसली होती. ताग, चहा, बँका, विमा, हिशेब या धंद्यांतले गोरे साहेब संध्याकाळी जमत आणि रविवारी कवायत करत. कर्नल विल्यम ग्राइस यांनी त्यांतून चौदा जण निवडले. कलकत्ता स्कॉटिश या दुसऱ्या स्वयंसेवक तुकडीतून चार जण आले. बरेचसे चाळिशी-पन्नाशीतले, पोट सुटलेले. रजेचे निमित्त सांगून ते छोट्या गटांनी रेल्वेने कोचीनला गेले.

त्यांचे जहाज तर त्यांच्याहून विचित्र. फीबी ही कलकत्ता पोर्ट कमिशनर्सची गाळ वाहून नेणारी बोट. हुगळीचा तळ सारखा उपसावा लागतो. तो उपसलेला चिखल पोटात भरून समुद्रात ओतायचा, हे तिचे रोजचे काम. नौदलाचे कमांडर बर्नार्ड डेव्हिस यांनी ती कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून कोचीनला आणली. खुल्या समुद्रात जायला तिची बांधणीच नव्हती. हल्लेखोर कोचीनला तिच्यावर चढले आणि ती मुरगावकडे निघाली.

तारीख ९ मार्च १९४३ ची पहाट निवडली होती. कार्निव्हलचे दिवस, दुसऱ्याच दिवशी अॅश वेन्सडे. जेम्स लीझर यांच्या पुस्तकातल्या हकिकतीप्रमाणे कलकत्त्याच्याच एका साथीदाराला आधी गोव्यात पाठवले होते. त्याने खलाशांसाठी वेश्यावस्तीत फुकट मौजेची आणि अधिकाऱ्यांसाठी मेजवानीची सोय लावली, म्हणजे जहाजावर कमीत कमी माणसे उरावीत. या गोष्टीत मीठमसाला किती हे आता कळणे कठीण. खलाशांना किनाऱ्यावर खेचायला कार्निव्हल तसाही पुरेसा होता.

अंधारात फीबी एरेनफेल्सला भिडली. शिड्या लावून मंडळी चढली. नांगराच्या साखळ्या स्फोटकांनी तोडायच्या, जहाज ताब्यात घेऊन बाहेर ओढायचे, ते जमले नाही तर निदान वायरलेस निकामी करायचा, असा बेत होता. जर्मनांनीही अशा दिवसाची तयारी ठेवली होती. त्यांनी तळाच्या झडपा उघडून पाणी आत घेतले आणि जहाजाला आगी लावल्या. कप्तान योहानेस रोफर आणि काही जर्मन खलाशी चकमकीत मारले गेले. जहाज बुडू लागले तेव्हा हल्लेखोर फीबीवर परतले. त्यांच्यातले कोणीही मेले नव्हते. एरेनफेल्सला लागलेली आग पाहून आता आपलीही पाळी, असे समजून इतर तीन जहाजांवरच्या खलाशांनी आपापली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. सकाळी मुरगावच्या लोकांना खाडीत चार जहाजे जळताना दिसली. फीबी तोवर मुंबईच्या वाटेला लागली होती आणि काम झाल्याचा ठरलेला शब्द तिने मुंबईला कळवला होता : लाँगशँक्स.

गव्हर्नर जनरल जुझे काब्राल यांच्या प्रशासनाने चौकशी केली. कोणी हल्ला न करता खलाशांनीच जहाजे पेटवली हे चार जहाजांपैकी तीन जहाजांच्या बाबतीत खरेच होते. चौथ्याची गोष्ट सोडून देणे पोर्तुगीजांच्या सोयीचे होते आणि ब्रिटिशांच्याही. जर्मनांना अटक झाली, त्यांच्यावर खटले चालले. कलकत्त्याला परतलेले साहेब आपापल्या कचेऱ्यांत गेले. त्यांना पदके मिळाली नाहीत, कारण घडलेच नाही अशा लढाईची पदके देता येत नाहीत. लाइट हॉर्स १९४७ मध्ये विसर्जित झाली. १९७८ मध्ये लीझर यांचे ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक लॉर्ड माउंटबॅटन यांच्या प्रस्तावनेसह निघाले, तेव्हा ही गोष्ट जगाला कळली. १९८० मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन यांचा ‘द सी वुल्व्हज’ हा चित्रपट आला. त्याचे चित्रण गोव्यातच झाले.

या छाप्याने काय साधले? मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत पाणबुड्यांनी हिंदी महासागरात बारा जहाजे बुडवली आणि उरलेल्या महिन्यात फक्त एक, असा हिशेब नेहमी मांडला जातो. आकडे ठसठशीत आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे. त्या बारांपैकी चार एकट्या यू-१६० या पाणबुडीने ३-४ मार्चच्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानजवळ एका ताफ्यातली बुडवली होती. हजारो किलोमीटर दूरच्या मुरगावहून त्या ताफ्याची खबर गेली असेल हे पटण्यासारखे नाही, आणि तसे दाखवणारा जर्मन पुरावाही पुढे आलेला नाही. युद्धात जहाजांची चणचण होती. तीन मोठी जर्मन जहाजे कायमची बाद होणे एवढा लाभ मात्र निर्विवाद.

खरी गळती दुसरीकडे होती. जर्मन नौदलाची सांकेतिक शाखा १९४२-४३ मध्ये अटलांटिकच्या ताफ्यांसाठी वापरले जाणारे ब्रिटिश-अमेरिकन सायफर मोठ्या प्रमाणात वाचत होती. ब्रिटिशांनी ते जून १९४३ मध्ये बदलले, तेव्हा ते भोक बुजले. गोव्यात हेर शोधताना ब्रिटिशांना आपल्याच सायफरची शंका यायला उशीर झाला. यंत्र लपवणारा माणूस पकडता येतो, त्याच्यावर धाड घालता येते, त्याची गोष्ट सांगता येते. सायफर फुटलेले दिसत नाही. छापा लोकांच्या लक्षात राहिला आणि सायफर विसरले गेले, याचे कारण बहुधा एवढेच.

युद्धानंतर जहाजांनी मौन सोडले आणि या शतकात तर बोलणे सक्तीचे झाले. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांवरील प्रत्येक जहाजाने २००४ च्या अखेरपर्यंत एआयएस, म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा, बसवावी असा नियम झाला. जहाज चालू असताना दर काही सेकंदांनी नऊ अंकी ओळखक्रमांक, स्थान, वेग आणि दिशा, तर दर काही मिनिटांनी नाव व्हीएचएफ लहरींवर जाहीर होते. धुक्यात टक्कर टाळायला हे अत्यंत उपयोगी. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर पळवलेल्या कुबेर या मासेमारी नौकेतून मुंबईला आले. त्यानंतर भारताने किनाऱ्यावरील दीपगृहांवर एआयएस केंद्रांची साखळी उभारली आणि वीस मीटरहून लांब नौकांनाही यंत्र सक्तीचे केले. मात्र या संदेशांना सांकेतिक आवरण नाही आणि पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयही नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की साध्या रेडिओ सामग्रीने समुद्रात नसलेले जहाज नकाशावर उभे करता येते आणि असलेले हलवता येते.

रस्त्यावरच्या वाहनांसाठी अशीच यंत्रणा आखताना अभियंत्यांनी ही उणीव ठेवली नाही. एकमेकांशी बोलणाऱ्या मोटारींनी सेकंदाला दहा वेळा आपले स्थान सांगावे, पण प्रत्येक संदेशावर डिजिटल सही असावी आणि सहीमागचे टोपणनाव दर काही मिनिटांनी बदलावे, अशी रचना त्यांनी केली. भारतात मात्र रस्त्यावर आधी आला तो दुसरा प्रकार. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेमार्फत निघालेल्या मानकानुसार प्रवासी वाहनांत स्थान कळवणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटन बसते. देशभर नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते जानेवारी २०१९ पासून लागू झाले आणि पश्चिम बंगालनेही ते अमलात आणले. निर्भया प्रकरणानंतर त्याची गरज कोणी नाकारली नाही. ही माहिती सरकारी सर्व्हरवर साठते. ती कोण, किती दिवस, कशासाठी पाहू शकतो हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या खासगीपणाच्या निकालाने आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आता न्यायालयाच्या दारात आणून ठेवला आहे.

समुद्रावर उत्तर अजून कप्तानाच्याच हाती आहे. जहाजाच्या सुरक्षेला धोका वाटला तर एआयएस बंद करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे नियम देतात. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर अनेक कप्तानांनी ती वापरली. सँडहेड्सला नांगरून पायलटची वाट पाहणारे जहाज मात्र आपले नाव, जागा आणि पुढचे बंदर अखंड सांगत असते, आणि ज्याच्या हातात मोबाइल आहे अशा कोणालाही ते फुकट पाहता येते.